काकांच्या शेडमधल्या मशिनी

उद्यमनगरातलं वडिलांचं वर्कशॉप बंद पडलं आणि त्यांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज दिला, तेव्हा मी कॉलेजात होते. ज्यांचं देणं होतं त्यांतले बहुतेक गप्प बसले. फक्त मंगळवार पेठेतले एक लोखंडाचे व्यापारी, वडिलांचे जुने दोस्त, विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच: अर्जाआधी धाकट्या भावाला लेथ मशिनी विकल्याचं दाखवलंय, ती विक्री खोटी आहे.

"विकल्या म्हंजे विकल्या!" आई गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची.

व्यापाऱ्यांचा माणूस समोरच्या टपरीवर चहा घेत आमच्या दारावर नजर ठेवून असायचा. माहेरून आलेली नवी साडी आईनं नेसलीच नाही. उद्या कोर्टात तेही सांगतील म्हणायची. हळूहळू मीही वडिलांकडं त्याच नजरेनं बघायला लागले. ते शनिवारी नृसिंहवाडीला जायचे. काकांची शेड त्याच रस्त्याला. प्रसाद कधी आणला नाही, पण शर्टाच्या बाहीला ग्रीस असायचं.

विचारलं तर म्हणायचे, "एस्टीच्या दाराचं लागलं आसंल की."

जिल्हा कोर्टात वडील जिंकले. व्यापारी हायकोर्टात गेले. काही वर्षांनी निकाल लागला, तेव्हा वडिलांसोबत मीही मुंबईला गेले होते. भावानं पैसे दिल्याचा पुरावा नाही, विक्री रद्द, मशिनी कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात द्या. वकिलांनी समजावून सांगितलं, तरी वडील मान हलवत नव्हते.

बाहेर व्हरांड्यात व्यापारी समोर आले.

"कोर्टाचं झालं. आता मला सांग. मशिनी तुझ्याच हुत्या न्हवं?"

मला वाटलं, वडील अंगावर जातील.

"व्हय," ते म्हणाले.

"मग तवाच सांगायचं की. मी काय इकून खाल्ल्या आसत्या?"

"खाल्ल्या आसत्यास."

व्यापारी जिना उतरून गेले.

घरी आल्यावर आईनं मलाच विचारलं. मी ते "व्हय" तेवढं सांगितलं. "मलाबी विकल्या म्हणूनच सांगितलं हुतं," म्हणत तिनं काकांना फोन लावला. नुसता वाजत राहिला.

मशिनींचा लिलाव झाला, सगळ्यांना थोडं थोडं मिळालं. वडील शिरोलीला दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. पगार झाला की पाकीट आणून आईच्या हातात द्यायचे. आई घ्यायची आणि दर वेळी विचारायची, "सगळा हाय न्हवं?"