ज्यांचा नारळ आला नाही

रूपसिंग आडे पहिल्यांदा आमच्या कचेरीत आले ते दिवाळीनंतरच्या सोमवारी. खांद्यावर सुतळीचं मोठं वेटोळं होतं आणि त्या सुतळीला चार-चार बोटांवर नारळाच्या शेंड्या बांधलेल्या होत्या. येताना बसमध्ये कंडक्टरने विचारलं होतं, "बुवा, कोन्या देवाले चालले एवढे नारळ सोलून?" दारात चपला काढून ते आत आले, वेटोळं माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, कोनतं औषध खरं अन् कोनतं खोटं, हे तुमी शोधता म्हनते. माह्यं सांगा."

उमरखेडला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं काम चालायचं. त्या भागात कावीळ वारंवार का येते, याचा अभ्यास. डॉक्टर निकिता मॅडम प्रमुख होत्या. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं. रकाने आखणं, याद्या जुळवणं हे माझ्याकडे होतं.

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"हे एकशे एकवीस हायेत. मोजा."

मी मोजल्या. एकशे एकवीस होत्या.

"इतके लोकं काविळीतून उठले माह्या हातानं," ते म्हणाले. "अन् माही पोरगी मेली. आता सांगा."

मॅडम आतून बाहेर आल्या. त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला, तेव्हा कुठे ते बसले.

फुलसावंगीपासून थोड्या अंतरावरच्या बंजारा तांड्यात त्यांचं घर. वडिलांकडून त्यांना काविळीचं औषध मिळालेलं: रानातल्या एका वेलीचा रस, ताकातून, तीन सकाळी. पैसा घ्यायचा नाही. घेतला तर हाताचा गुण जातो, असं वडिलांनी बजावलेलं. रीत एवढीच की, बरं झालेल्याने नारळ घेऊन परत यायचं, तांड्याच्या देवळापुढे फोडायचा आणि शेंडी रूपसिंगांच्या हातात द्यायची. त्यांची बायको धनीबाई ती सुतळीला बांधायची. वडिलांची सुतळी वडिलांच्या चितेवर गेली. ही सहा वर्षांची होती आणि घरात आढ्याला टांगलेली असायची.

सोनू त्यांची धाकटी. बाभुळगावला दिलेली. श्रावणात सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आल्यावर पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. जावई राजदीप फोनवर म्हणाला, "बापू, यवतमाळले न्या, मी येऊन राह्यलो." रूपसिंग म्हणाले, "एकशे एकवीस शेंड्या घरात लटकून राह्यल्या, अन् मी माह्या पोरीले परक्याच्या हातात देऊ?" सोनूनेच नवऱ्याला समजावलं. म्हणाली, "तुमी नका धावू. माह्या बाच्या हाताले गुण हाये." तिसऱ्या सकाळी ती याडीला, आपल्या आईला, ओळखेना. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. सोनू रस्त्यातच गेली, आणि पोटातलंही.

हे सांगताना ते सुतळीची एकच शेंडी बोटांनी सरळ करत होते.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, नारळ घेऊन परत आले ते एकशे एकवीस. पण औषधाला आले होते किती?"

"आले तितके."

"म्हणजे किती?"

रूपसिंगांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मग गळ्यातल्या पिशवीतून त्यांनी फोन काढला. औषध रिकाम्या पोटी घ्यायचं, म्हणून लोक आधी फोन करून येत, आणि त्यांचा मुलगा शाम प्रत्येक नंबर नावाने जतन करून ठेवी. पिवळा बाभुळगाव. पिवळी उमरखेड. पिवळा उमरखेड दोन. मी ते सगळे वहीत उतरवले; कोणाचा नारळ आला, ते रूपसिंग एकेक आठवून सांगत गेले. दुपारचा चहा झाला तेव्हा एकशे शहाऐंशी भरले.

"म्हणजे पासष्ट जणांचा नारळ आला नाही," मी म्हणालो.

"बरे झाले असतीन. काम झालं का लोकं इसरतेत, भगवानराव."

"असतील," मॅडम म्हणाल्या. "पण आपल्याला ठाऊक नाही."

मग त्यांनी जे समजावलं ते मी जवळून ऐकलं. एका माणसाने "मला गुण आला" म्हटलं तर ती एक हकीकत. अशा शंभर हकीकती एका सुतळीला बांधल्या तरी त्या हकीकतीच. न आलेली माणसं त्यात दिसत नाहीत. आम्ही करत होतो तो अभ्यास वेगळा: आजारी माणूस घ्यायचा, त्याच्या शेजारचा निरोगी घ्यायचा, दोघांना मागचं विचारायचं, पाणी कुठलं प्यायलात, फरक कशात आहे. त्याहून भक्कम म्हणजे सगळ्यांची नावं आधी लिहायची आणि प्रत्येकाच्या मागे शेवटपर्यंत जायचं. कोणी सुटता कामा नये. औषध खरं का खोटं याला त्याच्याही वरचा कस लागतो. कावीळवाल्यांच्या नावाने चिठ्ठ्या काढायच्या, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं साधं ताक. आणि असे कितीतरी अभ्यास एकत्र ठेवून पाहिले म्हणजे मग कुठे बोलायचं.

रूपसिंगांना चिठ्ठी पटली नाही. "चिठ्ठी काढून एकाले औषध अन् दुसऱ्याले नुसतं ताक? माणसं हायेत का बैलबाजार, मॅडम?"

"दवाखान्यातली देखभाल दोघांनाही सारखीच. आणि ताकवालाही तेवढाच बरा झाला तर?"

ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "तं मंग मी सहा वर्षं ताकच पाजून राह्यलो म्हना की."

मॅडम हसल्या नाहीत.

"चिठ्ठी आपल्याला काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या पासष्टांचं काय झालं ते शोधता येईल."

मी फोन लावायची तयारी दाखवली. रूपसिंगांनी माझा हात धरला. "मेलं का जित्तं, हे फोनवर इचारू? मी जातो."

आणि ते गेले. ऐन कापूस वेचणीत मजूर मिळत नाहीत. धनीबाई आणि शाम शेतात, आणि हे एसटीने, ऑटोने, पायी. मी त्यांना एक छापील कागद करून दिला होता: अनुक्रमांक, नाव, वय, कुठून आला, बाई असल्यास गरोदर होती का, नारळ आला का, पुढे काय झालं, माहिती कोणी दिली. चौथीपर्यंत शिकलेले होते. अक्षर मोठं आणि सावकाश. दर सोमवारी ते कागद आणून देत आणि मी वहीत चढवत असे.

पहिल्या दोन आठवड्यांत चौदा घरं झाली. चौदाही माणसं ठणठणीत. एका घरी तर म्हातारा म्हणाला, "नारळ राह्यला ना बाप्पा! आता घेऊन जा," आणि खरंच दिला. रूपसिंगांनी तो आमच्या कचेरीत आणला. शेंडी मात्र सुतळीला बांधली नाही. आधी वही पुरी होऊ द्या, म्हणाले. पण त्या सोमवारी त्यांची पाठ सरळ झालेली मला दिसली. औषध खरं ठरलं असतं तर सोनूचं जाणं नशिबावर टाकता आलं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

तिसऱ्या रविवारी मला सुट्टी होती. त्यांच्याबरोबर मीही गेलो. अनुक्रमांक त्र्याण्णव, पिवळी उमरखेड चार. गावाबाहेरच्या वस्तीत एक घर, दारात तुरीच्या काड्यांचा भारा. रुक्माबाई नावाच्या साठीच्या बाईने आम्हाला पाहिलं, रूपसिंगांना ओळखलं आणि आधी चहाच ठेवला.

"तुमची सून आलती औषधाले," रूपसिंग म्हणाले. "तीन वर्षं झाले. बरी हाये ना?"

रुक्माबाईंनी पदराने पातेलं उतरवलं. "नाही भाऊ. गेली ती. चौथ्या दिवशी."

"पोटुशी होती?"

"आठवा होता."

रूपसिंगांच्या हातातला कागद तसाच राहिला. "मावशी, मंग सांगतलं काहून नाही मले?"

"कायले सांगू?" बाई सहज म्हणाल्या. "मेल्याची खबर औषधवाल्याच्या दारी नेली तं त्याच्या हाताचा गुण जाते. माह्या घरचं तं गेलंच होतं. बाकीच्या लोकाईनं मंग कोठी जावं? तुमाले वाईट नको वाटाले म्हनून माह्या पोराले मी दटावून ठेवलं, तिकडं पायच नको ठेवू."

चहा आला. रूपसिंगांनी तो प्यायला. बाई त्यांना विचारत होत्या, "तुमच्या घरी बरं हाये ना सगळं? पोरगी दिली म्हनत होते बाभुळगावले." ते म्हणाले, "हाव, दिली."

परतताना फाट्यावर बसची वाट पाहत बसलो. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "भगवानराव, थ्या बाईनं माह्यं भलंच केलं."

बस आली तसा मी हात दाखवला.

त्यानंतर ते प्रत्येक घरी तोच प्रश्न विचारत आणि जिथे माणूस गेलं होतं तिथे उत्तरही बहुतेक तेच मिळे. हाताचा गुण जाऊ नये. तुम्हाला वाईट वाटू नये. कोणी रागाने बोललं नाही. कोणी बोललं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

जानेवारीच्या शेवटी वही पुरी झाली. पासष्टांपैकी अठ्ठावन्न घरं सापडली, सातांचा पत्ताच लागला नाही. अठ्ठावन्नांत सत्तेचाळीस जण बरे होऊन नारळ विसरलेले. अकरा गेलेले. एकशे शहाऐंशींत कळल्या तेवढ्या गरोदर बाया नऊ. त्यातल्या चार गेल्या. सुतळीवर त्या कुठेच नव्हत्या. त्यांचे नंबर फोनमध्ये होते, सोनू आजारी पडली त्या सकाळीही होते.

मॅडमनी त्यांना बसवून सांगितलं. कावीळ बहुतेकांची आपली आपण उतरते. आमच्या अभ्यासाच्या यादीतले कोणतंच औषध न घेतलेलेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. या कागदांवरून तुमचं औषध चालतं असं म्हणता येणार नाही. पोटुशी बाईला या आजाराचा धोका फार मोठा, आणि तिथे औषधावर विसंबून दिवस घालवणं वाईट, एवढं मात्र दिसतं.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. कोणी नवीन माणूस होता. रूपसिंगांनी त्याला बोलूच दिलं नाही. "डोळे पिवळे दिसले का दवाखाना गाठा. बाई पोटुशी असन तं आत्ताच्या आत्ता निघा. नाही, मी नाही देत आता. नाही म्हनलं ना." फोन पिशवीत ठेवून त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"आता माह्या एका गोष्टीचं सांगा. पह्यल्याच दिवशी यवतमाळले नेली असती, तं सोनू जगली असती का?"

हाच प्रश्न घेऊन ते पहिल्या दिवशी आले होते. बाकी सगळं त्यासाठीच होतं.

"दवाखान्यातही अशा बाया दगावतात," मॅडम हळू बोलत होत्या. "वाचतातही. दहांपैकी किती, हे मी सांगू शकते. तुमची सोनू त्या वाचणाऱ्यांत असती की नाही, हे कोणताच अभ्यास सांगू शकत नाही, भाऊ. चिठ्ठ्यांचा नाही, कोणताच नाही."

"एवढे कागद करून?"

"एवढे करूनही."

"खोटं तरी सांगा."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. रूपसिंग उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथूनच वळून माझ्या टेबलाशी आले.

"वहीत तिचं नाव कोठी हाये?"

नव्हतं. मी फक्त "पिवळा" आणि "पिवळी" नावाचे नंबर उतरवले होते. सोनूचा नंबर फोनमध्ये नुसता "सोनू" म्हणून होता. औषधासाठी तिने कधी बापाला फोन केला नव्हता, आणि नारळ घेऊनही ती आली नव्हती. दोन्ही मोजण्यांतून ती निसटली होती. मी मॅडमकडे पाहिलं. "औषध घेतलं होतं, म्हणजे यादीत आहेच," त्या म्हणाल्या.

मी नवीन ओळ आखली. अनुक्रमांक एकशे सत्त्याऐंशी. नाव, सोनू राजदीप जाधव. वय, चोवीस. कुठून आली?

"घरातूनच, असं लिहा."

गरोदर, होय. पुढे काय झालं, हे मी त्यांना न विचारता लिहिलं. माहिती कोणी दिली, बाप. त्यांनी वाकून ओळ वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. वहीवर टेकवलेला हात त्यांनी उचलला नाही.

सुतळी जाळावी का, असं त्यांनी आदल्या आठवड्यात घरी विचारलं होतं. धनीबाई म्हणाली होती, "थ्या शेंड्या जित्त्या माणसायच्या हायेत. त्यायचा काय कसूर?" म्हणून ती आढ्यालाच आहे.

एक रकाना मी मोकळा सोडला होता. नारळ आला का. तो मला लिहवला नव्हता. त्यांचं बोट तिथे थांबलं.

"हा मोकळा नका ठेवू, भगवानराव. 'नाही' लिहा."

मी लिहिलं.