ओलेटा स्लोनची काही तक्रार नाही

ओलेटा स्लोन यादी घेऊन वाचनालयात आली तेव्हा मी परत आलेली पुस्तकं फळीवर लावत होते. तिच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही आणि घरचा फोन पुरात गेला तो गेलाच. अशी कामं लोक माझ्या टेबलावरच्या फोनवरून करतात. नियमात बसत नाही. मी बसवते.

ओलेटा त्रेसष्ट वर्षांची. पुलाजवळच्या खानावळीत तिनं एकतीस वर्षं स्वयंपाक केला. आधी कोळशाची खाण बंद पडली, मग खानावळ. लग्न केलं नाही. का ते विचारणाऱ्याच्या ताटात ती न मागता आणखी एक डाव बटाटे वाढायची, म्हणजे तोंड बंद. धाकटा भाऊ डेंझिल कोळशाचा ट्रक चालवायचा. हृदय थकल्यापासून तो तिच्याकडेच राहतो. दोघांकडे सरकारी विम्याचं कार्ड आहे, खोऱ्यातल्या निम्म्या घरांत आहे तसंच.

आजवर अडलं नव्हतं, कारण पुलापलीकडे रॉइस होता. रॉइस डॉक्टर नव्हता, पीए होता. म्हणजे लांबच्या कुठल्यातरी डॉक्टरच्या देखरेखीखाली माणसं तपासणारा आणि औषध लिहून देणारा. आमच्याकडे डॉक्टर टिकत नाहीत, पीए टिकतात. रॉइस सव्वीस वर्षं टिकला. एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. मग विम्याच्या ऑफिसातून टपालानं सगळ्यांना यादी आली: चाळीस मैलांच्या आत कार्ड घेणाऱ्या डॉक्टर-पीएंची सतरा नावं. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. बडा घर पोकळ वासा.

डेंझिलच्या अंगात पाणी साठतं, ते काढणाऱ्या गोळ्या संपत आल्या होत्या. औषधवाल्यानं ओळखीखातर एकदा जास्तीच्या दिल्या आणि सांगितलं, आता नव्या चिठ्ठीशिवाय एकही नाही. नऊ दिवसांच्या उरल्या होत्या.

पहिला नंबर टायरच्या दुकानाचा निघाला. दुसऱ्या नंबरचे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या मयतीच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड ओलेटानंच केलं होतं.

"तरी लावून बघते," ती म्हणाली. "छापलंय म्हणजे असेल कुणीतरी."

"विचार त्यांना, वर कुठलं कार्ड चालतं," मी म्हटलं.

"तुझी जीभ एक दिवस तुला नरकात नेणार आहे, लोर्ना."

"तिथं तरी दवाखाना असेल."

तिसरीकडे कार्ड घेत होते, पण नवे पेशंट नाही. चौथ्या ठिकाणी नवे पेशंट घेत होते, पण कार्ड नाही. पाचवे लहान मुलांचे डॉक्टर. एका ठिकाणी गाणं वाजत राहिलं, बावीस मिनिटं. ओलेटा प्रत्येकाला "थँक यू, देव तुमचं भलं करो" म्हणून फोन ठेवत होती आणि नावावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारत होती. एवढी बारीक की उद्या त्या माणसाचा विचार बदलला तर खोडता यावी.

चौदावं नाव मार्ला गेहार्ट, पीए, डोंगरापलीकडे. हो, कार्ड घेतो. हो, नवे पेशंटही घेतो. ओलेटा खुर्चीत सरळ बसली. मग तिकडच्या मुलीनं चौकशी सुरू केली. फोनचा आवाज मोठा आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

"पायांना सूज वगैरे?"

"वयाप्रमाणे."

"रात्री झोप लागते का त्यांना?"

"लागते की."

"एकंदरीत कसे आहेत?"

"काही तक्रार नाही हो. तुमचं कसं चाललंय?"

मुलीचं छान चाललं होतं. तिनं तारीख दिली: चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी ऑगस्टची सहा होती.

ओलेटानं तारीख लिहून घेतली. माझं डोकं फिरलं.

"अगं, जूनपासून तो खुर्चीत बसून झोपतोय! आडवा झाला की गुदमरतो. बुटाची नाडी तू बांधतेस. हे का नाही सांगितलंस?"

"परक्या मुलीला? फोनवर?"

"मग कुणाला सांगणार, टायरवाल्याला? लाव परत फोन."

"आणि काय सांगू? मघाशी खोटं बोलले म्हणून? रडगाणं गाऊन रांगेत पुढं घुसायला आईनं शिकवलं नाही मला." तिनं यादीची घडी घातली. "माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत."

आमच्याकडे हे असंच आहे. झाडाखाली चिरडलेला माणूससुद्धा विचारणाऱ्याला "बरं आहे, तुमचं काय" म्हणतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. पण नुसता ओलेटाला दोष देण्यात अर्थ नाही. ती गेल्यावर फोन माझ्या हाताशीच होता आणि नंबर मला पाठ झाला होता. मी केला नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलावं, म्हणून पुस्तकं लावत बसले. मीही इथलीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"मार्ला गेहार्ट बोलतेय. ओलेटा स्लोन यांनी हा नंबर दिलाय."

"ती आत्ता नाही इथं."

"तुम्ही ओळखता त्यांना? मग एवढंच सांगा, त्यांचा भाऊ झोपतो कुठे?"

असा थेट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "खुर्चीत," मी म्हटलं. "जूनपासून."

"वाटलंच. आमची मुलगी शहरातली आहे, 'तक्रार नाही' हे तिला खरं वाटतं. मी याच डोंगरातली. हृदयाच्या गोळ्या घेणारा माणूस तक्रार नाही म्हणाला की मी स्वतः फोन करते. उद्या आठ वाजता आणा त्यांना."

ओलेटाच्या गाडीचा ब्रेक भरवशाचा नाही, म्हणून मी नेलं. दवाखाना पूर्वी पशुखाद्याचं दुकान होता, अजून तोच वास येतो. डेंझिलनं आग्रह केला म्हणून मीही आत गेले. चारचौघांत बहीण आपल्याला रागावणार नाही असा त्याचा हिशेब होता. मार्ला पन्नाशीची, जाडजूड, केस आखूड. तिनं डेंझिलला 'कसे आहात' विचारलंच नाही.

"अंगणातलं गवत कोण कापतं हल्ली?"

"शेजारचा."

"कधीपासून?"

डेंझिलनं टोपी हातात फिरवली. "मे महिन्यापासून."

"आणि फाटकापर्यंत टपाल आणायला किती वेळा थांबता?"

"दोनदा. तीनदा म्हणा."

ती ऐकत गेली, दाबून बघत गेली, रक्त काढलं, गोळ्यांची चिठ्ठी लिहिली, एक गोळी वाढवली. वीस मिनिटांत झालं. ओलेटा पर्स उचलून उभी राहिली.

"तुम्ही बसा," मार्ला म्हणाली. "तुम्हीही रॉइसकडेच जायचात ना? कशा आहात ते सांगू नका. यंदा घेवडा किती भरलात?"

ओलेटाच्या तळघरात हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या घेवड्याच्या बरण्यांची भिंत असते. अख्ख्या खोऱ्यात कुणाकडे तेवढ्या नाहीत. तब्येतीबद्दल ती देवाशीही खोटं बोलेल, पण घेवड्याबद्दल तिला खोटं बोलता येत नाही.

"अकरा," ती म्हणाली.

"आणि दरवर्षी?"

"सव्वाशे होतात. कधी जास्त."

"बूट काढा."

मोज्याच्या काठाचा वळ तिच्या पायावर बोटभर खोल रुतला होता. मार्लानं अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. तिच्याही गोळ्या त्याच होत्या, पाणी काढणाऱ्या. जुलैपासून तिनं घेतल्याच नव्हत्या.

"कुठे गेल्या?"

डेंझिल तिच्या पायाकडे बघत होता.

"माझ्या डबीत," तो म्हणाला. "नऊ दिवसांच्या उरल्यात म्हणायची. दोन आठवडे झाले तरी नऊच."

"त्याला जास्त गरज होती," ओलेटा म्हणाली आणि बूट घालायला लागली. वाकताना तिला धाप लागली. मार्लानं बूट काढून घेतला, आधी तपासलं, मग स्वतः घातला. मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

आता डेंझिल पलंगावर झोपतो, फाटकापर्यंत एका दमात जातो. ओलेटालाही मार्लानं गोळ्यांची चिठ्ठी देऊन तीन आठवड्यांनी परत बोलावलं होतं. ती गेली नाही. डेंझिलला बरं वाटतंय, मग कशाला कुणाची गाडी काढायला लावायची, असं तिचं म्हणणं.

काल ती मासिकं परत करायला आली.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"काही तक्रार नाही. तू?"

"बरण्या किती झाल्या?"

तिनं दाराकडे बघितलं. सप्टेंबरचा मध्य, मांडव अजून शेंगांनी लगडलेला असणार.

"तेरा," ती म्हणाली. मग म्हणाली, "लोर्ना, राहू दे. लोर्ना, त्यांना कशाला उगीच त्रास."

मी तोवर फोन उचलला होता.