दुसऱ्या बॅचचा हात

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि नवीन आलेली पोरं विचारतात, मेडिकलचं पहिलं वर्ष कसं असतं. मला काही सांगवत नाही. माझ्या वेळी मला घाबरवायला माणसांची रांगच लागली होती. देह टिकवायच्या फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात, जेवण जात नाही, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडाला कुलूप लागतं. अकोल्याच्या क्लासमधला एक सीनियर तर म्हणाला होता, "पहिल्या सहा महिन्यांत रडला नाई तर तुले मानलं." हे सगळं खरं निघालं. पण मी ज्या गोष्टीला खरोखर भ्यालो ती कुणाच्याच यादीत नव्हती. मला डावं-उजवं कळत नाही.

अगदीच कळत नाही असं नाही, वेळ लागतो. मी मूळचा डावखुरा. तेल्हाऱ्याला आमच्या घरी डाव्या हातानं जेवणं चालत नसे. ताटाकडे डावा हात गेला की आई त्यावर चापट द्यायची. शाळेत पेन्सिलही उजव्या हातात आली. हात बदलले, डोक्यातला गोंधळ मात्र तसाच राहिला. गाडीवर मागे बसलेले बाबा "उजवीकडे घे" म्हणाले की मी मनातल्या मनात घास उचलायचो, जो हात तोंडाकडे निघेल तो उजवा. तोवर वळण मागे पडलेलं असायचं. "लक्ष कुठं रायते तुयं?" बाबा म्हणायचे. घरात तो विनोदच झाला होता आणि मीही हसायचो.

कॉलेजात आल्यावर हसू पळालं. अ‍ॅनाटॉमीच्या व्हायवात हाड हातात दिलं की पहिला प्रश्न एकच, कोणत्या बाजूचं? बाजू चुकली की पुढचं कितीही पाठ असो, हाड खाली ठेवायचं आणि निघायचं. मी रूमचं दार लावून खांद्याचं हाड अंगाला लावायचो आणि हवेत घास उचलायचो. हाडापर्यंत ठीक होतं. पण उद्या कुणाचा डोळा असेल, कुणाची किडनी असेल, हा विचार आला की मी पुन्हा पहिल्यापासून घास उचलायचो. सांगणार तरी कुणाला? गावात लोक बाबांना आत्ताच "डॉक्टरचे बाप" म्हणायला लागले होते.

डिसेक्शन हॉलची रीत अशी की एका टेबलावर एक देह आणि त्यावर दोन बॅच. उजवी बाजू एकीची, डावी दुसरीची. वर्षभर ज्यानं त्यानं आपापल्या बाजूवर शिकायचं, दुसऱ्याच्या बाजूला ब्लेड लावायचं नाही. आमच्या दहा जणांना उजवी बाजू मिळाली होती. पहिल्या कटाच्या दिवशी दुसरी बॅच आधी मायक्रोस्कोपखालच्या स्लाइड बघायला गेली होती आणि अ‍ॅनाटॉमीचे सर शेजारच्या टेबलावर होते. हजेरीत माझा नंबर पहिला, म्हणून कापायचं स्काल्पेल माझ्या हातात आलं.

टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची नखं कुणीतरी नीट कापलेली होती. ती पाहून मला चेहऱ्याकडे बघण्याचं धाडसच होईना, म्हणून मी त्यांच्या पायांशी जाऊन उभा राहिलो आणि तिथून बाजू ठरवली. मनात घास उचलला. हा उजवा हात. मग त्या हाताच्या बाजूनं पुढे गेलो. बाकीचे नऊ जण माझ्या मागोमाग आले. कुणी काही बोललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच झटक्यात उजवं बरोबर ओळखलं होतं, फक्त ते माझं उजवं होतं. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, ही शेंबड्या पोराला कळणारी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. नेहमीसारखा गोंधळलो असतो तर बरोबर जागी पोचलो असतो!

छातीच्या मधून गळ्याच्या हाडाखालून खांद्यापर्यंत कट घ्यायचा होता. कातडी वाटली होती त्याहून जाड निघाली. कट वेडावाकडा गेला, तरी झाला एकदाचा म्हणून मी श्वास सोडला. तेवढ्यात दुसरी बॅच आली आणि दारातूनच एक जण ओरडला, "ओ, आमची बाजू हाये ना ते!"

सर आले. "कोनी कापलं?"

"मी."

"कोनता हात हाये हा?"

मी पुन्हा मनात घास उचलू लागलो. सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते हळू आवाजातच बोलले. "यायनं मरताना आपला देह देला तुमाले. हे काई बोलनार नाईत. पन उद्या दवाखान्यात बेहोश मानूसबी बोलत नसते."

त्या रात्री झोप कसली येते! सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि मेडिकलची सीट सोडायची आहे म्हणालो. का, ते सगळं सांगितलं. आईच्या चापटीपासून.

"हे कोनाकोनाले मालूम हाये?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मंग भेव वाटालेच पायजे. चुकनाऱ्याले दहा जन सांभाळून घेतात. लपवनाऱ्याले कोन सांभाळीन? जा, पहिले टेबलावर सांग. मंग सीट ठेव नाईतर सोड."

दुपारी टेबलाशी उभं राहून सांगितलं. "मला डावं-उजवं पटकन कळत नाही. माझ्या हातात ब्लेड असलं की कुणीतरी बघत जा." एक जण फिसकन हसला. आमच्या दहा जणांत मोर्शीकडची एक मुलगी होती, कॉलेज सुरू झाल्यापासून ती कुणाशी चार शब्द बोलली नव्हती. तिनं ग्लोव्ह खाली सरकवला. उजव्या मनगटावर निळ्या बॉलपेननं बारीक R काढलेला होता.

"रोज काढते मी," ती म्हणाली. "तू चुकीच्या बाजूले चालला हे मले काल दिसलं होतं. तीनदा पाह्यलं हातावर. मंग वाटलं, बाकी सगळे उभे आहेत ना तिथं, मीच चुकत असीन."

आमच्याच बॅचमधला आणखी एक जण खाली बघत म्हणाला, "मलेबी वाटलं होतं."

मग तिसरा.

मी त्या गृहस्थांच्या छातीवरच्या माझ्या कटाकडे पाहत राहिलो. स्वतःची भीती मला सवयीची होती. या तिघांना दिसलं होतं आणि तरी कुणी माझा हात धरला नव्हता; ते ऐकून जी वाटली ती वेगळी होती, आणि ती अजून गेलेली नाही.