टाळूतला स्क्रू

आमच्या सत्यवानासारखा शंकेखोर माणूस अख्ख्या तारकर्लीत सापडायचा नाही. माझा सख्खा भाऊ, म्हणून सांगते. वादळाला भीत नाही, पण होडी नांगरली की दोर ओढून ओढून बघणार.

त्याची लेक संजना चौदा वर्षांची. दात इतके पुढे की ओठ मिटत नसत. पोरांनी छळ मांडला तशी तिने शाळाच सोडली. मग गेल्या वर्षी कुडाळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या वरच्या दोन लहान दाढा काढल्या आणि टाळूत बारीक स्क्रू बसवला. दात मागे ओढणारी तार बांधायला पक्की जागा हवी, ती ही. बाई म्हणाल्या, "टाळूच्या मधल्या रेघेच्या बाजूला, पुढे हाड भरीव असतं. पण पोर लहान आहे, हाड अजून कोवळं. स्क्रूला हात लावू नका."

सत्यवानाने मान डोलावली. ऐकलं काय, कपाळ! 'कोवळं हाड' एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. म्हणजे रेवच ती, तिथे नांगर कसा धरणार? रोज सकाळी पोरीला उजेडात उभी करायचा. "आ कर गो. धरल्यान काय बघूया." आणि बोट घालून स्क्रू ओढायचा. मी ओरडले तर म्हणे, "नांगर टाकल्यार ओढून बघूचो लागता, विमल. माका भीती वाटता." पोर डोळे मिटून उभी. बापाला नको कसं म्हणणार?

महिन्याभरात स्क्रू डुगडुगायला लागला, टाळू सुजली. "जीभ लावत होतीस?" बाईंनी दरडावलं. संजनाने खाली बघत हो म्हटलं.

तेव्हा सत्यवान उठला. "तिची जीभ नाही, बाई. माझं बोट. मी ओढून बघायचो."

बाई भडकल्याच. "हाडाने धरायच्या आधीच हलवलंत? आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला एकच जागा उरली. तीही गेली तर दात असेच राहणार, वर दाढांच्या जागी खड्डे."

दुसरा स्क्रू बसला. तेव्हापासून संजना बापासमोर तोंड उघडेना. जेवायची तीसुद्धा भिंतीकडे वळून. "हात लावचंय नाय गो, लांबसून बघतंय," तो म्हणायचा. ती मानेनेच नको म्हणायची. माझा जीव तुटायचा, दोघांसाठीही.

आता मीच तिला कुडाळला नेते. बाई तपासतात, स्क्रू घट्ट आहे, दात सरकायला लागलेत. परत येतो तेव्हा सत्यवान एसटीच्या थांब्यावर उभा असतो. पोरीकडे न बघता मला विचारतो, "धरल्यान?"

"धरल्यान," मी म्हणते. तोवर संजना पुढे चालायला लागलेली असते.