गळ्याच्या ऑपरेशननंतर

नव्वदच्या दशकात नाशिकच्या मेन रोडवर माझं माइक दुरुस्तीचं दुकान होतं. जॅझ-फंक वाजवणाऱ्या एका बँडची मुख्य गायिका तिथे यायची. दुरुस्त माइक हातात दिला की पायाने ठेका धरत एक ओळ गायची, मगच तो पिशवीत ठेवायची.

पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि बँडने दुसरी गायिका घेतली. वर्षभराने ती आली, तेव्हा आवाज पार घोगरा झाला होता.

"ताई, आता गाणार कशा?" मी विचारलं.

"वरचे सूर गेले, दादा. खालचे आहेत ना? सगळी गाणी तिथे बसवली."

तिने स्वतःचा बँड उभा केला होता. त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी गेलो. पहिल्या गाण्यातच तिघेचौघे उठून गेले. तिने त्यांना जाताना पाहिलं आणि दुसरं गाणं आणखी खालून सुरू केलं. मग कुणी उठलं नाही.