दहा ते बारा मायक्रोवेव्ह बंद

सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरचं घर बंद करून आमच्याकडे नेपरव्हिलला कायमच्या राहायला आल्या, ते दोन हजार चारचं वर्ष असावं. आम्ही नवरा-बायको सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जायचो, परत यायला संध्याकाळ. बाहेर बर्फ, घरात त्या एकट्या, आणि इंग्रजी म्हणाल तर 'थँक्यू'पुरतं. दर रविवारी एकच धोशा, माझं परतीचं तिकीट काढा.

मग मी गराज सेलमधून एक जुना रेडिओ आणला आणि शिकागोचं एक एएम स्टेशन लावून दिलं. दिवसभर नुसत्या गप्पा. दहा ते बारा एक म्हातारे गृहस्थ यायचे. लोक त्यांना फोन करायचे, कोणाचा कुत्रा हरवलेला, कोणाचं शेजाऱ्याशी वाजलेलं. ते सगळ्यांचं निवांत ऐकून घ्यायचे आणि मधूनमधून खोकायचे. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोळ्या लाटता लाटता 'हो ना', 'अगंबाई' अशी साथ चालायची. मायक्रोवेव्ह लावला की रेडिओ घुं घुं करायचा, म्हणून मी घरी असले तरी दहा ते बारा मायक्रोवेव्ह बंद, असा फतवा निघाला. चहा गार झाला तर तसाच प्या! आजही सकाळी दहानंतर मायक्रोवेव्हचं बटण दाबताना माझा हात अडखळतो. फार आठवतात त्या.

तिकिटाचं नाव निघेना. काय हुशार सून, म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मार्चमधल्या एका सोमवारी मी रजेवर घरी होते, तर ते गृहस्थ आलेच नाहीत. त्यांच्या जागी दोन तरुण बेसबॉलवरून तावातावाने भांडत होते. मंगळवारीही तेच, असं सासूबाईंनी सांगितलं. आता पुन्हा तिकिटाचा धोशा सुरू होणार, या धास्तीत मी बुधवारी घरी आले, तर आलेपाकाच्या वड्या डब्यात भरून तयार. सासूबाईंचं म्हणणं, गेल्या आठवड्यात त्यांचा खोकला फार वाढला होता, माणूस नक्की आजारी आहे, समाचाराला कधी जाऊया? मी कपाळाला हात लावला. ज्याचं नाव धड घेता येत नाही, त्याच्या घरी आलेपाक घेऊन जायचं!

त्या ऐकेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून स्टेशनला फोन केला. तिथल्या बाईने सरळ सांगून टाकलं, मालक बदलले, आता दिवसभर खेळांच्याच गप्पा. त्यांना काढलं होतं.

हे सांगायला माझी जीभ रेटेना. परतताना ट्रेनमध्ये थाप जुळवली आणि दारातूनच ठोकून दिली.

"आई, ते ठणठणीत आहेत. वय झालं म्हणून काम सोडलं. आता मुलाकडे राहायला गेलेत."

मला वाटलं, खूश होतील. डब्याचं झाकण लावता लावता त्यांचा हात थांबला.

"मुलाकडे?" त्या म्हणाल्या. "मग आता दिवसभर कोणाशी बोलतील गं?"

इतक्या महिन्यांत, आज दिवस कसा गेला, एवढंसुद्धा मी त्यांना विचारलं नव्हतं. अंगातला कोट न काढताच मी खुर्ची ओढली, एक वडी तोंडात टाकली आणि विचारलं, ते रोज काय काय सांगायचे. मला कुठे इंग्रजी कळतं, असं म्हणत त्यांनी जी सुरुवात केली, ते कुकर गार होईपर्यंत बोलतच राहिल्या.