ज्यानं जाळं टाकलं

चंद्रपूरहून अहेरीला जाणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर फाटलेलं जाळं, त्याची एक कड पायाच्या अंगठ्यात ताणलेली. बस खड्ड्यात गेली की हात थांबायचा, बाहेर आली की पुढची गाठ पडायची.

मी पेपर वाचत होतो. हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींची दुसऱ्या राज्यात बदली झाली होती. त्यानं बातमी विचारली आणि मी निवृत्त मास्तर असल्यामुळे सगळंच सांगितलं. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ न्यायाधीश शिफारस करतात, सरकार कागद पुढे नेतं, राष्ट्रपती सही करतात.

"अन् त्या सायबाले इचारते का?"

"विचारतात. पण त्यांची संमती लागत नाही."

"काऊन बदलला, ते सांगते का?"

"कारभार चांगला चालावा म्हणून. एवढंच."

त्यानं दातानं दोरा तोडला. "आमच्यात ज्यानं जाळं टाकलं, त्यानंच ओढा लागते. मधात हात बदलत नाई."

उदाहरण छान आहे, असं मी म्हणालो.

"उदाहरण नाई भाऊ. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या तळ्याची केस त्याच सायबापुढं व्हती. दोन्हीकून बोलून झालं व्हतं. निकालच रायला व्हता."

"आता नवे साहेब बहुतेक पहिल्यापासून ऐकतील," मी म्हणालो.

त्यानं जाळं गुंडाळलं. उतरताना पेपर मागितला, तेवढं पान काढून घेतलं आणि बाकीचा परत केला.

"गावानं मलेच धाडलं व्हतं नागपूरले. नुसतं तोंडानं सांगतलं तं म्हणतीन, यानंच कायतरी बिघडवलं."